ड्रायरमधली लिंट आणि नाकारलेली वॉरंटी

डिचोलीच्या ताई,

गेल्या वर्षी मे महिन्यात तुम्ही ३८,००० रुपयांना व्हेंटेड ड्रायर घेतलात. कंपनीच्याच माणसाने तो बसवला आणि गरम हवेचा पाइप मागच्या भिंतीतून बाहेर काढला. यंदा आषाढात कपडे सुकायला दुप्पट वेळ लागू लागला, मग ड्रम फिरतोय पण हवा गरमच होईना. वॉरंटी दोन वर्षांची. तरी कंपनी म्हणते, 'लिंट साचलीय, मेंटेनन्स केला नाही, ७,४०० रुपये भरा.'

हे पैसे आत्ता भरू नका.

लिंट म्हणजे कपड्यांतून सुटणारी लव. ती दोन ठिकाणी साचते. एक, दाराजवळच्या जाळीत. ती दर खेपेला साफ करणं हे तुमचं काम, पुस्तिकेतही तसंच असतं. दुसरं, पाइपात. तुमच्या फोटोत चंदेरी, मऊ, घड्या पडलेला पाइप तीन वळणं घेत गेलेला दिसतो. अशा पाइपात लव अडकते, दमट हवा बाहेर पडत नाही, उष्णता कोंडते आणि आग लागू नये म्हणून आतला थर्मल फ्यूज उडतो. पाइप किती लांब, किती वळणांचा असावा हे बहुतेक पुस्तिकांत छापलेलं असतं. तुमची उघडून ते पान शोधा. बसवणाऱ्याने ते पाळलं नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती सेवेतली त्रुटी ठरते. कंपनी या दोन्ही लिंट एकच करून सांगते आहे. तिथेच तिला अडवायचं.

'जाळी एखाद्वेळी राहून गेली असेल,' असं तुम्ही लिहिलंय. हे लपवू नका. ग्राहक आयोगापुढे खोटं उघडं पडलं, तर खरं बोललेलंही वाया जातं. तुमच्या निष्काळजीपणामुळेच बिघाड झाला असं कंपनीचं म्हणणं असेल, तर ते तिने दाखवून द्यायला हवं. बसवण्यात चूक होती, हे मात्र तुम्हाला दाखवावं लागेल. त्यासाठी कंपनीशी संबंध नसलेल्या जाणकार मेकॅनिकला बोलवा, पाइप काढताना व्हिडिओ करा आणि त्याच्याकडून सहीनिशी लेखी अहवाल घ्या. पाइप टाकू नका, पुरावा तोच आहे. जॉबशीटची, म्हणजे कंपनीचा माणूस तपासणीची नोंद करतो त्या कागदाची, प्रत मागा. तीत 'ग्राहकाचा निष्काळजीपणा' असं लिहिलेलं असेल तर सही करू नका, केलीच तर 'मान्य नाही' असं वर लिहा.

आणि एक कळकळीचं सांगणं, फ्यूजला तार जोडून कुणी मशीन चालू करून देत असेल तर साफ नकार द्या. घर पेटेल, ताई.

नंतर कंपनी आणि दुकानदार दोघांना स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटतं. नाही मिटलं तर पर्वरीला, उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात जा. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागतोच असं नाही. दुरुस्ती, नियमाप्रमाणे नवा धातूचा पाइप, मनस्तापाची भरपाई आणि खर्च, एवढं मागा.

आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची असते. वॉरंटी नाकारल्याचा मेसेज जपून ठेवा, पण दिवस मोजत बसू नका. नोटीस याच आठवड्यात जाऊ द्या.