चावी सोडली की इंजिन बंद का पडते?

प्रश्न : करवीर तालुक्यातील आमच्या गुऱ्हाळासाठी वडिलांनी घेतलेला, जीपच्या सांगाड्यावर बांधलेला जुना पेट्रोल पिकअप आम्ही आजही वापरतो आणि हंगामात गुळाचे रवे त्यातूनच शाहू मार्केट यार्डात नेतो. गेल्या दिवाळीत त्याची सगळी वायरिंग नवी करून घेतली. अलीकडे सेल्फ मारताच इंजिन चालू होते, पण चावी हातातून सोडली की त्याच क्षणी बंद पडते. गॅरेजमध्ये आधी पॉइंट आणि कंडेन्सर, मग कॉइल व शेवटी प्लग बदलून झाले. काहीच फरक पडला नाही. आता संपूर्ण डेल्को बदलावा, असे सांगितले जात आहे. तो बदलावा का? कॉइलजवळ पांढऱ्या चिनी मातीची एक लांबट वडी बसवलेली आहे, तिचे काम काय?
– एक वाचक, करवीर

उत्तर : डेल्को, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटून देणारा भाग, बदलू नका. आपल्या पत्रातच दोषाचा पत्ता आहे. सेल्फ फिरत असताना इंजिन चालू होते, याचा अर्थ त्या वेळी प्लगपाशी ठिणगी पोहोचते. आणि ठिणगी पोहोचते, याचा अर्थ पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा संपर्क), कंडेन्सर, कॉइल (बॅटरीचा दाब ठिणगीइतका वाढवणारी), रोटर, डेल्कोची टोपी आणि प्लग ही सगळी साखळी आपले काम करीत आहे. यांपैकी एकही भाग खराब असता, तर चावी कुठल्याही जागी असली तरी इंजिन चालू झाले नसते. तेव्हा आपण आजवर जे बदलले, ते बदलण्याचे कारण नव्हते, हे सांगताना मला वाईट वाटते. दोष आहे तो कॉइलपर्यंत करंट आणणाऱ्या वाटेत.

आपल्यासारख्या वायरिंगमध्ये कॉइलला करंट मिळण्याच्या दोन वाटा असतात. चावी ‘सेल्फ’च्या जागी दाबून धरलेली असते, तेव्हा सेल्फच्या मोटरला करंट जोडणाऱ्या सोलेनॉइडवरच्या एका लहान टर्मिनलपासून कॉइलला थेट बॅटरीचा करंट मिळतो. चावी सोडली की ती स्प्रिंगने मागे येते, ही वाट तुटते आणि दुसरी वाट कामाला लागते : बॅटरीपासून चावीच्या स्विचपर्यंत, स्विचच्या इग्निशन टर्मिनलपासून त्या पांढऱ्या वडीपर्यंत आणि वडीतून कॉइलपर्यंत. आपली पहिली वाट शाबूत आहे, दुसरी तुटलेली आहे.

आता त्या वडीविषयी. तिला बॅलास्ट रेझिस्टर म्हणतात. सेल्फ फिरताना बॅटरीवर एवढा भार येतो, की १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब १० व्होल्टच्या आसपास उतरतो, आणि नेमकी त्याच वेळी, थंड इंजिनात, सर्वांत जोरदार ठिणगी हवी असते. म्हणून कॉइल मुद्दाम कमी दाबावर पुरेल अशी बनवतात, सेल्फच्या वेळी तिला बॅटरीचा सगळा दाब देतात आणि एकदा इंजिन चालू झाले की मध्ये ही वडी घालून तो दाब खाली आणतात. अशा कॉइलच्या प्राथमिक वेढ्याचा रोध साधारण दीड ओहम असतो आणि वडीचाही जवळपास तेवढाच, म्हणजे दोन्ही मिळून तीन ओहम, आणि पॉइंट मिटलेले असताना त्यांच्यातून सुमारे ४ ॲम्पिअर करंट जातो. वडी वगळून तीच कॉइल थेट जोडली तर करंट ८ ॲम्पिअरच्या घरात जातो, पॉइंट लवकर जळतात आणि कॉइल हात लावू देत नाही इतकी तापते. वडी स्वतः गरम होते, तो दोष नव्हे. तिचे कामच ते आहे. मात्र आतील तार तुटली, की चावी सोडताक्षणी इंजिन बंद पडते.

काही जुन्या गाड्यांत अशी वडी दिसतच नाही. तेथे स्विचपासून कॉइलपर्यंतची वायरच विशेष रोधाची असते आणि वरून ती साध्या वायरसारखीच दिसते. नवी वायरिंग करताना ती काढून साधी तांब्याची वायर टाकली, तर गाडी छान चालते आणि महिन्या-दोन महिन्यांनी पॉइंट जळू लागतात. हा घोटाळा मी इतक्या वेळा पाहिला आहे, की वायरिंग नवी करणाऱ्या प्रत्येकाला आधी कॉइलचा रोध मोजण्याची माझी विनंती असते. तीन ओहमच्या आसपास भरला तर कॉइलला वडीची गरज नाही, दीडच्या आसपास भरला तर ती हवीच. आपल्याकडे नुकतीच कॉइल बदललेली असल्यामुळे ही मोजणी आपणही करून घ्या. तीन ओहमची कॉइल वडीमागे बसली असेल तर ठिणगी कायम दुबळी राहील.

तपासणीसाठी महागडे काही लागत नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा एक बल्ब, त्याचा होल्डर आणि दोन हात वायर एवढ्यावर टेस्ट लॅम्प तयार होतो. मल्टिमीटर असला तरी मी आधी हाच दिवा हाती घेतो, आणि त्याला कारण आहे. वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच उरलेली असली तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला चालायला करंट जवळजवळ लागतच नाही. दिवा मात्र पावणेदोन ॲम्पिअर ओढतो. वाट खरोखर मोकळी असेल तरच तो लख्ख पेटतो, नाहीतर मंद होतो किंवा पेटतच नाही.

गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, चावी इग्निशनच्या जागी फिरवा पण सेल्फ मारू नका. दिव्याचे एक टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला घट्ट जोडा आणि दुसरे टोक बॅटरीच्या बाजूने क्रमाक्रमाने पुढे नेत जा. आधी स्विचला बॅटरीकडून येणारे टर्मिनल, मग स्विचचे इग्निशन टर्मिनल, मग फ्यूज असल्यास त्याची दोन्ही टोके, मग वडीचे अलीकडचे टोक आणि शेवटी पलीकडचे. जिथपर्यंत दिवा लख्ख आहे तिथपर्यंत वाट चांगली. जिथे तो विझला, त्याच्या आणि आधीच्या जागेच्या मधोमध दोष आहे. वडीच्या पलीकडे दिवा थोडा मंद पेटेल, तेथे तसेच व्हायला हवे. वायरच्या रंगावर विसंबू नका, कारण फेरवायरिंग करताना हाताशी असेल तो रंग वापरला जातो.

उद्यमनगरात इतकी वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम केल्यावर अशा तक्रारीत मला तीनच जागा पुन्हा पुन्हा सापडल्या आहेत. एक म्हणजे जळालेली वडी. दुसरी म्हणजे स्विच. तो उघडून पाहिला, तर पितळी पत्र्यावर जिथे इग्निशनचा संपर्क होतो तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा काळा खड्डा दिसतो आणि आजूबाजूचे बेकेलाइट तपकिरी होऊन जळका वास देत असते, तर सेल्फचा संपर्क शेजारीच चकचकीत असतो, कारण तो दिवसातून चारदोन वेळाच वापरला जातो. असा स्विच घासून बसवू नये, नवाच घ्यावा. तिसरी जागा म्हणजे डॅशबोर्डमागच्या पत्र्यातून वायर इंजिनकडे जाते ते भोक. तेथली रबरी बूच निघून गेली असेल, तर थरथरीने वायर पत्र्याच्या कडेवर घासत राहते. एका गाडीत वरचे वेष्टन अखंड होते आणि आतल्या तारा साऱ्या तुटल्या होत्या. बोटांनी वाकवून पाहिली तेव्हा ती वायर एका ठिकाणी बिजागरीसारखी सैल वाकली. डोळ्यांनी तो दोष कधीच दिसला नसता. आपली वायरिंग नवी असल्यामुळे ही बूच बसवली आहे का, हे मी सर्वांत आधी पाहीन.

निदानाची खात्री करायची असल्यास बॅटरीच्या धन टोकापासून कॉइलच्या धन टोकापर्यंत, मध्ये १५ ॲम्पिअरचा फ्यूज घालून, एक तात्पुरती वायर जोडा आणि सेल्फ मारा. चावी सोडल्यावरही इंजिन चालू राहिले, तर दोष वाटेतलाच आहे. हे अर्धा मिनिटच करा. अशा वेळी चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, ती वायरच काढावी लागते; म्हणून वायरचे बॅटरीकडचे टोक हाताशी ठेवा आणि कार्ब्युरेटरजवळ पेट्रोल गळत नाही ना, हे आधी पाहून घ्या.

हीच तात्पुरती वायर मध्ये एक खटका टाकून कायमची ठेवून देण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. तो कृपया मानू नका. खटका चालू राहून गाडी उभी राहिली आणि त्या वेळी पॉइंट मिटलेले असले, तर करंट अखंड वाहत राहतो, बॅटरी उतरते आणि कॉइल आतून वितळते. आपल्या गाडीत मागे गूळ असतो आणि पुढे घरची माणसे बसतात. दोष सापडल्यावर तेथे किमान २.५ चौरस मिलिमीटरची ऑटो वायर, दाबून बसवलेले लग (वायरच्या टोकाचे धातूचे जोड) आणि फ्यूज एवढे नीट करून घ्या. पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

जाता जाता त्या नावाविषयी. ज्याला आपण सगळे डेल्को म्हणतो तो डिस्ट्रिब्यूटर. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची इग्निशन यंत्रणा मोटारींसाठी घडवली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत ती बसली. त्यांच्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांचा उच्चार म्हणजे डेल्को.

प्रश्न : आमचा पिकअप जुना आहे, पण डिझेलचा. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन चालू होत नाही. यात कॉइल कोठे असते आणि ती कशी तपासावी?
– एक वाचक, कागल

उत्तर : आपल्या गाडीत कॉइलही नाही आणि ठिणगीचा प्लगही नाही. डिझेल इंजिनात हवा दाबली जाऊन जी तापते, त्या उष्णतेनेच इंधन पेटते. चावीचे काम असते ते डिझेल पंपावरील, इंधनाची वाट उघडणाऱ्या स्टॉप सोलेनॉइडला १२ व्होल्ट देण्याचे. बॉनेट उघडून कान पंपाजवळ ठेवा आणि दुसऱ्या माणसाला चावी चालू-बंद करायला सांगा. प्रत्येक वेळी ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. आवाज नसल्यास त्या सोलेनॉइडच्या बारीक वायरला वर सांगितलेला टेस्ट लॅम्प लावा. दिवा पेटतो आणि आवाज नाही, तर सोलेनॉइड गेला. दिवाच पेटत नाही, तर वायर किंवा स्विच. आणखी जुन्या गाडीत सोलेनॉइडऐवजी इंजिन थांबवण्याची ओढायची केबल असते. तिची मूठ पूर्ण आत गेली आहे का, एवढेच आधी पाहा. टाकी रिकामी होऊन नुकतीच भरली असेल, तर लाइनमधील हवा काढावी लागेल.

प्रश्न : पावसाळ्यात गगनबावड्याकडे जाताना पेट्रोल पिकअप हमखास मिसिंग करू लागतो, कोल्हापुरात उन्हात मात्र व्यवस्थित चालतो. वायरिंगच बदलावी का?
– एक वाचक, पन्हाळा

उत्तर : ओलाव्याची तक्रार बहुधा जास्त दाबाच्या भागातली असते, म्हणजे कॉइलपासून डेल्को आणि तेथून प्लगपर्यंतच्या जाड केबल. तेथे हजारो व्होल्टचा दाब असतो आणि ओलसर मळातून तो आपली वाट शोधून लोखंडात उतरतो. रात्री, पूर्ण अंधारात, इंजिन चालू ठेवून केबलवर पाण्याचा बारीक फवारा मारा. जिथून गळती आहे तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतील. केबलना त्या वेळी हात लावू नका. नंतर इंजिन बंद करून डेल्कोची टोपी काढा, कोरड्या सुती फडक्याने आतून पुसा आणि उजेडात धरून पेन्सिलीच्या रेघेसारखी बारीक काळी रेषा दिसते का ते पाहा. ती चीर किंवा ठिणगीने जाळलेली वाट असते. खरवडून ती जात नाही, टोपीच बदलावी लागते.

टोपी काढण्यापूर्वी मात्र प्रत्येक केबलला सिलिंडरचा आकडा लिहिलेली चिठ्ठी बांधा. जीपच्या हरिकेन इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ असा आहे, आणि घाईत दोन केबलींची अदलाबदल झाली, तर उन्हात व्यवस्थित चालणारी गाडी घरच्या अंगणातच धक्के खाऊ लागेल.