डॉटनेटच्या बॅकग्राउंड सर्व्हिसमध्ये डीबीकॉन्टेक्स्ट (ईएफ कोअर या लायब्ररीतला, डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) घेतला की ॲप सुरूच होत नाही, रजिस्ट्रेशन कुठे चुकलं?

‘सिंगलटनमधून स्कोप्ड सर्व्हिस वापरता येत नाही’ अशा अर्थाची एरर येते म्हणताय, म्हणजे तुमचं रजिस्ट्रेशन बरोबर आहे. घोळ आयुष्यमानाचा, म्हणजे कोणती सर्व्हिस किती वेळ जिवंत राहते याचा आहे. ॲडडीबीकॉन्टेक्स्ट हा कॉन्टेक्स्ट स्कोप्ड म्हणून नोंदवतो, म्हणजे एका वेब रिक्वेस्टला एक. ॲडहोस्टेडसर्व्हिस मात्र तुमचा क्लास सिंगलटन करतो, म्हणजे अख्ख्या ॲपला एकच, तो ॲप बंद होईपर्यंत जिवंत. त्याने कॉन्टेक्स्ट कन्स्ट्रक्टरमध्ये धरला तर तोच एक कॉन्टेक्स्ट दिवसभर चालणार.

कॉन्टेक्स्टच सिंगलटन करून टाका, असा सल्ला कुणी देईल. अजिबात ऐकू नका. एरर जाईल, पण डीबीकॉन्टेक्स्ट थ्रेड-सेफ नाही, म्हणजे एकाच वेळी अनेक ठिकाणांहून वापरता येत नाही. दोन रिक्वेस्ट एकदम आल्या की ‘आधीचं काम संपायच्या आत दुसरं सुरू झालं’ म्हणून तो कोसळेल. शिवाय ट्रॅक केलेल्या एंटिटी (कॉन्टेक्स्टने लक्षात ठेवलेल्या डेटाबेसमधल्या नोंदी) साठत जाऊन मेमरी फुगेल ती वेगळीच.

त्याऐवजी ॲडडीबीकॉन्टेक्स्टफॅक्टरी वापरा (ईएफ कोअर ५ पासून आहे). फॅक्टरी मुळातच सिंगलटन असते, त्यामुळे ती कन्स्ट्रक्टरमध्ये बिनधास्त घ्या. लूपच्या प्रत्येक फेरीत क्रिएटडीबीकॉन्टेक्स्टने नवा कॉन्टेक्स्ट काढा आणि ‘यूझिंग’मध्ये ठेवा, कारण फॅक्टरीने दिलेला कॉन्टेक्स्ट डिस्पोज करणं (काम झाल्यावर मोकळा करणं) तुमच्याकडेच असतं. रिपॉझिटरीसारख्या (डेटा आणणारा-साठवणारा क्लास) इतर स्कोप्ड सर्व्हिसही लागत असतील तर आयसर्व्हिसस्कोपफॅक्टरी घेऊन दर फेरीला स्कोप तयार करा. मी बहुतेक वेळा हेच करतो.

आणि हो, सिंगलटनमध्ये स्कोप्ड सर्व्हिस घेतली आहे का, ही एरर देणारी तपासणी डीफॉल्टने फक्त डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटमध्ये चालते. प्रॉडक्शनला एरर दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका.