उंदरांना गुदगुल्या केल्या की ते खरंच हसतात का? त्यातून आनंदाबद्दल काय कळतं?

हसण्याच्या जवळचा आवाज नक्की काढतात, फक्त आपल्याला ऐकू येत नाही. तो 50 किलोहर्ट्झच्या (सेकंदाला 50 हजार कंपनं) आसपास असतो. आपला कान फार तर 20पर्यंत पोचतो. मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप यांनी 1990च्या दशकाच्या अखेरीस हे दाखवलं.

पाळीव उंदराच्या मानेवर बोटं भराभर फिरवायची, मग अलगद उताणं करून पोटावर, काही सेकंदच. आणि सोडायचं. सोडल्यावर तो हातामागे धावत आला, तर मजा त्यालाही येतेय. 22 किलोहर्ट्झचा आवाज त्रासाचा; तोही आपल्याला ऐकू येत नाही, यंत्रावरच कळतो. तो टिपला गेला तर लगेच थांबा. (माळ्यावरच्या उंदरावर प्रयोग नको, कडाडून चावेल.)

आनंदाला आधी निर्धास्तपणा लागतो, हे इथे स्वच्छ दिसतं: उंच जागी, झगझगीत उजेडात ठेवलेला उंदीर गुदगुल्यांना फारशी दाद देत नाही, आणि पिंजऱ्यात मांजराचे केस पडले की पिल्लांची मस्ती एकदम बंद.