बारावी होऊन भरतीची वाट बघणारा मुलगा रात्री अडीच-तीनपर्यंत गेम खेळतो, "पाच मिनिटं" म्हणत दोन तास लावतो. त्याला वेळेची किंमत कशी पटवून द्यावी? (मिरज)

पटवू नका. भरतीची जाहिरात कधी निघते याची वाट बघत बसलेल्या पोराला वेळेची किंमत चांगली कळते, म्हणून तर दिवस अंगावर येतो.

मानसशास्त्रज्ञ झिंबार्डो आणि बॉइड यांनी १९९९ मध्ये काळाकडे बघण्याच्या वृत्तीवर ५६ विधानांची प्रश्नावली केली. तिच्यात 'आज'मध्ये जगणारे दोन प्रकारचे: एक मजा येते म्हणून, दुसरा 'काही केलं तरी काय होणार' म्हणून. घरचे दोघांनाही आळशी म्हणून मोकळे होतात. पहिल्याला वेळापत्रक लागू पडतं, दुसऱ्याच्या बाबतीत ते भिंतीवरच राहतं.

तासगावकडचा एक पोरगा असाच. परीक्षेची तारीख विचारली तर खांदे उडवायचा. द्राक्षबागेचं विचारलं की लगेच, "छाटणीला अडतीस दिवस झालेत, फुलोरा आलाय, पाऊस लागला तर डाऊनीची बुरशी घडात शिरंल." बागेचा आकडा रोज पुढं सरकतो आणि चुकलं तर आठवड्यात दिसतं. भरतीची तारीख सरकते, पण तीही पुढंच. गेममध्ये सगळ्या तारखा पक्क्या: रोजचं बक्षीस, आठवड्याची मिशन, सीझनचा शेवट. पोरगं तिकडं जाणारच. त्याच्याकडं फवारणीची वही सोपवली, त्यानंतर रात्रीचं खेळणं उतरलं. बंद नाही झालं.

आता तुमचं. सात दिवस तीनच गोष्टी त्यालाच लिहू द्या: खेळावरून किती वाजता उठायचं ठरवलं, किती वाजता उठला, मध्ये किती मॅच झाल्या. मिनिटांचा टायमर लावू नका. बीजीएमआयसारख्या गेममध्ये शेवटपर्यंत टिकलं तर एक मॅच साधारण अर्ध्या तासाची. टायमरनं मध्येच तोडली की रँक घसरते, टीमवाले शिव्या घालतात आणि ते भरून काढायला आणखी दोन होतात. बोली मॅचवर करा: तीन, आणि तिसरी साडेनऊच्या आत सुरू. मॅच संपून लॉबी (पुढची मॅच सुरू करायची स्क्रीन) आली की तोच उठायचा क्षण, तेव्हा चार्जर बाहेरच्या खोलीत हवा. झोपायच्या वेळेवर भांडू नका, सकाळी उठायची वेळ पक्की करा.

उलटंही खरं आहे, खेळून खेळूनही पुढचं दिसेनासं होतं. ताबा सुटलाय, बाकी सगळं मागं पडलंय, नुकसान दिसूनही थांबत नाही, हे साधारण बारा महिने चाललं तर तो जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला आजार आहे. मग वही पुरे नाही, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, टेलि-मानसचा, १४४१६ फुकट आहे.

आणि "मोबाईल हिसकावून घ्या" सांगणारे काका प्रत्येक गल्लीत असतात. हिसकावला की तो मित्राच्या मोबाईलवर खेळतो, आणि तुमच्या वहीत नोंद होत नाही एवढंच.