एकच मोठं कर्ज काढून सगळी छोटी मिटवू का?

वित्तीय साक्षरतेच्या कामात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. बीडकडे ऊसतोड कुटुंबांत काम करत होते तेव्हाही तो होता, आता इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांत बसते तेव्हाही आहे. तिथं मुकादमाकडून सगळ्या हंगामाची उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) एकदम अंगावर येते, इथं कारखान्याची उचल आठवड्याला कापली जाते, एवढाच फरक.

शोभाताई (नाव बदललं आहे) गेल्या पावसाळ्यात आल्या. सोबत नवरा. ते माग चालवतात, या मागासाठी सुताच्या कांड्या भरतात. मुलगी बारावीला, मुलगा आठवीत. बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, एका कंपनीचे सर एक लाख द्यायला तयार हायत. शेकडा एक रुपया व्याज. सगळी मिटवून टाकू का? एकच हप्ता ऱ्हाईल."

मी म्हटलं, आधी 'सगळी' म्हणजे किती ते तर मांडू.

त्यांनी पिशवीतून दुधाची एक धुतलेली पिशवी काढली. आत रबर लावलेली हप्त्यांची कार्डं. एकेका कार्डावर वसुलीच्या सह्या, त्यांतल्या काही पावसानं फुटलेल्या. बचत गटासारखे गट करून छोटी कर्जं देणाऱ्या दोन कंपन्यांची (मायक्रोफायनान्स) कार्डं, महिला बचत गटाचं पासबुक, मुलीसाठी हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलची पावती. नवऱ्यानं कारखान्याच्या उचलीचा आकडा सांगितला. माझी बेरीज झाली, पण ती त्यांच्या चेहऱ्यावरच्या ताणाशी जुळेना. असं झालं की मी दोघांना वेगवेगळं विचारते. दादांना चहा सांगायला खाली पाठवलं आणि विचारलं, "शोभाताई, या पिशवीत नसलेलं एखादं कार्ड आहे का?"

होतं. तिसऱ्या कंपनीचं ४० हजारांचं कर्ज त्यांच्या नावावर होतं, त्यातले २० हजार शेजारणीला दिलेले. शेजारणीचं नाव मंजूर होत नव्हतं, म्हणून "तुझ्या नावावर घे, निम्मा हप्ता मी भरीन" असं ठरलेलं. तिनं तीन हप्ते भरले, मग हात वर केले. नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. दादा वर आल्यावर शोभाताई खाली गेल्या, आणि दादांकडून दुसरी गोष्ट निघाली. भाचीच्या लग्नात मामाचा मान करायला त्यांनी एका खासगी सावकाराकडून १५ हजार घेतले होते, शेकडा पाच महिन्याला. म्हणजे वर्षाला साठ टक्के. मुद्दल तसंच होतं, दर महिन्याला ७५० रुपये नुसतं व्याज जात होतं.

एकमेकांना सांगायला दोघंही तयार झाले, पण माझ्यासमोर. ती दहा मिनिटं सोपी नव्हती. दादा काही बोलले नाहीत, शेजारणीचं नाव ऐकून फक्त "तरीच" म्हणाले. शोभाताई मात्र मामाच्या मानावरून रडल्या, "मला सांगितलं असतं तर मी गटातून काढून दिलं नसतं का?" माझ्या अनुभवात घराचं गणित खर्चानं जितकं बिघडतं, त्याहून जास्त अशा झाकलेल्या कर्जानं बिघडतं. कारण झाकलेल्या कर्जाचा हप्ता कुठल्याच हिशोबात नसतो, तो भाजीतून, गॅसमधून, मुलीच्या फीमधून गुपचूप निघतो.

मग सगळं आठवड्यावर मांडलं. हे मी मुद्दाम सांगते. अंदाजपत्रकाचे छापील तक्ते महिन्याचे असतात आणि इचलकरंजीत पगार आठवड्याला होतो. महिन्याचा हप्ता आला की तो शेवटच्या आठवड्याच्या पगारावर सगळाच्या सगळा पडतो आणि त्या आठवड्यात उसनवारी सुरू होते. दोघांची मिळकत, उचल कापण्याआधी, आठवड्याला साधारण ५,२०० रुपये. त्यातून पहिली कंपनी ७५०, दुसरीचे पंधरवड्याला १,४०० म्हणजे ७००, तिसरीचे महिन्याला २,६०० म्हणजे चार पगारांत विभागून ६५०, गट ३००, मोबाइल ३६०, उचल ५००, सावकार १९०. बेरीज ३,४५०. उरतात १,७५०. त्यात चार माणसं, भाडं, किराणा आणि दोन शाळा.

तोवर मुलगीही आली होती, शेजारी बसून कॅल्क्युलेटरवर बेरीज करत होती. तिनं ती दोनदा केली.

आता त्या एक लाखाचं. सगळी देणी धरून आकडा निघाला १ लाख १८ हजार ५००. म्हणजे नवं कर्ज घेऊनही साडेअठरा हजार बाकी राहणारच, वर प्रक्रिया शुल्क आणि विमा कापून हातात लाखही पडणार नाही. महिन्याला शेकडा एक रुपया म्हणजे वर्षाला बारा टक्के वाटतात. पण ते व्याज शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण लाखावर धरलं जातं, फिटत आलेल्या मुद्दलावर नाही. दोन वर्षांत २४ हजार व्याज, आणि घटत्या शिल्लकीवर काढलं तर दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. शिवाय मोबाइलचे महिन्याचे सहा आणि पहिल्या कंपनीचे आठवड्याचे वीसच हप्ते उरलेले. त्यांचं बरंचसं व्याज भरून झालेलं, ते आता नव्या कर्जात घालण्यात काय फायदा?

दुसरंही एक. वर्षाला ३ लाखांपर्यंत मिळकत असलेल्या घराला असं विनातारण कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मिळकतीच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. इथं निम्मं म्हणजे आठवड्याला २,६००, आणि जुनेच हप्ते ३,४५०. "मग ते सर कसे काय देतायत?" दादांनी विचारलं. शोभाताईंनी सांगितलं, "मिळकत थोडी वाढवून लिहू म्हणाले." तो आकडा कागदावर वाढतो, घरात वाढत नाही. त्याच्यावर सही करू नका, एवढं मी स्पष्ट सांगितलं.

एक मोठं कर्ज कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. दर खरोखर कमी असेल, त्यातून सर्वांत महाग देणं आधी जाणार असेल आणि जुनं खातं त्याच दिवशी बंद करून 'येणे बाकी नाही'चा कागद हातात येणार असेल, तर काढावं. शोभाताईंचं सर्वांत महाग देणं सावकाराचं होतं. त्यासाठी लाख नकोत, १५ हजार पुरे. गटाच्या बैठकीत त्यांनी खरं कारण सांगून तेवढे मागितले. शेकडा दोननं मिळाले. पहिल्या महिन्याचं व्याज ७५० वरून ३०० वर आलं आणि ते गटातच राहिलं. मात्र आता मुद्दलही फेडायचं म्हणून महिन्याचा हप्ता वाढला. तो भरून काढायला दादा कारखानदाराशी बोलले, उचलीची कपात ५०० वरून ३०० झाली. सावकाराकडे परवाना नव्हता. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे तो लागतो आणि तक्रार तालुक्याच्या सहकार निबंधक कार्यालयात करता येते, हे मी सांगितलं. त्यांना गावात वैर नको होतं. मी आग्रह धरला नाही.

शेजारणीच्या २० हजारांवर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. कागदावर कर्ज शोभाताईंचंच. तिच्याकडून महिन्याला पाचशे येतात, कधी येत नाहीत.

वसुलीवाल्यांची भीती फार होती. एकदा रात्री आठला दारात येऊन शेजाऱ्यांसमोर बोलले होते. मी नियम सांगितले. अशा छोट्या कर्जांच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही. वसुली ठरलेल्या जागीच करायची, तिथं लागोपाठ दोनदा गेलं नाही तरच घरी येता येतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. १४४४८ हा नंबर मुलीनं मोबाइलमध्ये घालून घेतला.

शोभाताईंचं बँकेचं पासबुक चाळताना ४३६ रुपयांची एक नोंद दिसली. "बघा, बँकसुद्धा कापती," शोभाताई म्हणाल्या. तो जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता होता, दोन लाखांचं संरक्षण. आणि मागावर उभ्या राहणाऱ्या दादांच्या खात्यात मेअखेर शिल्लक नव्हती, म्हणून त्यांचा विमा तुटलेला. तो पुन्हा सुरू केला, सोबत वीस रुपयांचा अपघात विमाही.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २७ टक्केच प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरले. शोभाताई त्यात बसल्या नसत्या. पण सात देण्यांच्या सात तारखा आणि रकमा त्यांना तोंडपाठ होत्या. साक्षरतेचा वर्ग घेताना मी आता इथूनच सुरुवात करते.

पाच महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. पहिल्या कंपनीचा शेवटचा हप्ता भरला त्याच बैठकीत सरांनी पुढच्या सायकलचा, म्हणजे कर्जाच्या पुढच्या फेरीचा, फॉर्म पुढे केला होता, साठ हजारांचा. गटातल्या बायकाही म्हणत होत्या, घे गं, दिवाळी आहे. त्यांनी फॉर्म परत दिला आणि 'येणे बाकी नाही'चा कागद मागितला. तो मिळायला तीन चकरा झाल्या. दुधाच्या त्याच पिशवीतून त्यांनी तो मला काढून दाखवला. आठवड्याचे ते ७५० आता निम्मे मुलीच्या फीसाठी पोस्टात आणि निम्मे दुसऱ्या कंपनीला आधी फेडायला बाजूला पडतात. मोबाइलचा अजून एक हप्ता बाकी आहे.