आई-बाबांच्या तीन प्रवासांसाठी बॅगा कोणत्या घ्याव्यात?

तुम्ही तीन प्रवास सांगितले आहेत: आषाढात बाबांची आळंदी ते पंढरपूर पायी वारी, सप्टेंबरअखेरीस दोघांचे रेल्वेने हरिद्वार व पुढे केदारनाथ-बद्रीनाथ, आणि त्यानंतर तुमच्या बहिणीकडे अमेरिकेत सहा महिन्यांचा मुक्काम. या तिन्हींसाठी सवलतीत मिळणारा कडक कवचाच्या तीन बॅगांचा संच घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर प्रत्येक बॅग एका बोटाने सरकते, त्यामुळे ती कशी चालते एवढेच आपण पाहतो. प्रवासात मात्र ती कुठे उचलावी लागेल, किती वेळा आणि कोणाला, यावरच निवड ठरायला हवी.

वारीचेच पाहा. बाबांचे मुख्य सामान दिंडीच्या ट्रकमधून जाईल. रोज पहाटे ते ट्रकमध्ये चढेल, त्यावर इतरांच्या वळकट्या आणि पिशव्या पडतील, आणि संध्याकाळी मुक्कामावर ते बहुधा ओल्या जमिनीवर उतरेल. इथे चाकांचा काडीचाही उपयोग नाही. उलट चिखलाने भरलेली चाके ओढणे हीच शिक्षा होते. जाड कापडाची, रुंद तोंडाची, दोन्ही बाजूंनी धरता येईल अशी साधी डफल बॅग घ्यावी, आतले कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधावेत आणि बॅगेच्या दोन्ही अंगांना ऑइलपेंटने बाबांचे नाव, गावाचे नाव आणि ‘रथापुढे’ किंवा ‘रथामागे’ यासह दिंडी क्रमांक ठळक लिहावा. कागदी चिठ्ठी पहिल्याच पावसात निघून जाते. चालताना खांद्यावर पाण्याची बाटली, औषधे, इरले किंवा रेनकोट आणि एक पंचा मावेल एवढीच पिशवी असू द्यावी.

हरिद्वारच्या प्रवासालाही हीच डफल बॅग चालेल, सोबत आईंसाठी मधल्या आकाराची एक चाकांची बॅग लागेल. रेल्वेच्या नियमानुसार एसी थ्री-टिअरमध्ये माणशी 40 किलो सामान विनाशुल्क नेता येते, पण सुटकेसचे माप 55 × 45 × 22.5 सेंटिमीटरच्या आत असावे लागते. संचातली 75 सेंटिमीटर उंचीची मोठी बॅग या मापात बसत नाही. ती बर्थखाली नीट सरकत नाही आणि मग रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत येते. चार चाकांची बॅग गाडी वळली की आपोआप फिरायला निघते, तेव्हा रेल्वेसाठी दोन मोठ्या रबरी चाकांचीच बॅग घ्यावी. ती पादचारी पुलाच्या उतारावर आणि उखडलेल्या फलाटावरही टिकते. बर्थखालच्या कडीला बांधण्यासाठी साखळी-कुलूप न्यावे.

हरिद्वारहून पुढे टेम्पो ट्रॅव्हलर ठरवलात, तर सामान बहुधा टपावरच्या कॅरिअरवर ताडपत्रीखाली बांधले जाईल. तिथे मऊ बॅगा एकमेकींत दबून घट्ट बसतात, कडक कवचाच्या बॅगा घसरतात. सोनप्रयागला खासगी गाड्या थांबतात, तिथून गौरीकुंडापर्यंतचे 5 किलोमीटर स्थानिक जीपने आणि पुढचे सुमारे 16 किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा डोलीने जावे लागते. म्हणून मोठे सामान खालच्या लॉजवर ठेवावे आणि प्रत्येकाने 20 ते 25 लिटरची, छातीवर व कमरेला पट्टा असलेली सॅक घ्यावी. सॅकवर चढवायचे पावसाळी आवरण पाठीकडची बाजू उघडीच ठेवते आणि पाणी तिथूनच आत उतरते. त्यामुळे स्वेटर, मोजे आणि औषधे आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली असलीच पाहिजेत. केदारनाथ 3,500 मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथे ओला स्वेटर हे आजारपणाला दिलेले आमंत्रणच.

अमेरिकेसाठी विमान कंपन्या सहसा इकॉनॉमीत माणशी 23 किलोच्या दोन बॅगा नेऊ देतात, आणि लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज, चाके आणि मुठी धरून, 158 सेंटिमीटरच्या आत लागते. तिकिटावर काय लिहिले आहे ते तरीही पाहावेच. मुंबई किंवा दिल्लीपर्यंतचे देशांतर्गत विमान वेगळ्या तिकिटावर काढले असेल, तर तिथे बहुधा 15 किलोचीच मर्यादा लागू होते आणि सारा हिशेब कोलमडतो.

आकाराबाबत माझा सल्ला दुकानदाराच्या उलट आहे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि डाळी यांचे वजन आकाराच्या मानाने बरेच असते. त्यामुळे मोठी बॅग निम्मीअधिक भरते न भरते तोच काटा 23 किलोवर जातो आणि उरलेली जागा रिकामी राहते. 68 ते 70 सेंटिमीटर उंचीची, पोटाला वाढवायची चेन असलेली मऊ बॅग पुरेशी आहे. येताना हलके पण फुगीर सामान असते, तेव्हा ती चेन उघडावी. रिकाम्या बॅगेचे वजन आवर्जून पाहावे, कारण साडेचार किलोची बॅग घेतली तर सामानाला साडेअठराच किलो उरतात. कडक बॅगच हवी असेल, तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिकार्बोनेटची घ्यावी. स्वस्त संच बहुधा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचे असतात आणि ते आपटल्यावर दबण्याऐवजी तडकतात.

एक गोष्ट मात्र विसरू नका. अमेरिकेत ज्या विमानतळावर प्रथम उतरायचे, तिथे पुढचे विमान असले तरी सहसा आपल्या बॅगा पट्ट्यावरून स्वतः उतरवून पुन्हा द्याव्या लागतात. म्हणून भरलेली बॅग घरीच आई-बाबांना जमिनीवरून उचलायला सांगावी आणि दोघांपैकी एकालाही ती जड वाटली, तर 23 किलोचा आग्रह सोडून 17-18 किलोवर थांबावे. दोघांचे कपडे सर्व बॅगांत विभागून ठेवावेत, म्हणजे एखादी उशिरा आली तरी कोणाचेही अडणार नाही. औषधे (विशेषतः इन्सुलिन), डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच असाव्यात. 20,000 एमएएचची पॉवर बँक 74 वॉट-अवरच्या आसपास, म्हणजे विमानातल्या 100 वॉट-अवरच्या मर्यादेत असते.

कुलूप टीएसए (अमेरिकेची वाहतूक सुरक्षा यंत्रणा) खुणेचे, म्हणजे लाल शंकरपाळ्यासारखे चिन्ह असलेले घ्यावे. तपासणी अधिकारी ते आपल्या किल्लीने उघडतात, साधे कुलूप तोडतात. रंगाबद्दल विचारलेत म्हणून सांगतो: काळा आणि गडद निळा सोडून कोणताही चालेल. बॅगा सोपवण्यापूर्वी त्यांचे फोटो मात्र काढून ठेवा. बॅग फुटून आली, तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवावी, तेव्हा हे फोटो उपयोगी पडतात.