तालुक्याच्या पंपावर सीएनजीची टाकी 150 बारवरच का थांबते?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत : पुण्यात 200 बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरणारी टाकी तालुक्याच्या पंपावर 150 बारवरच का थांबते, आणि तिथे एकच मोठी टाकी न ठेवता सिलिंडरांचे तीन गट का ठेवतात. दोहोंचे मूळ एकच आहे. साध्या डिस्पेन्सरमध्ये (ज्यातून गाडीत गॅस भरतात ते उपकरण) गॅस ढकलणारे यंत्र नसते. साठ्यातील दाब टाकीतील दाबापेक्षा जास्त असेल तोवरच गॅस वाहतो आणि दोन्ही दाब सारखे झाले की थांबतो.

साठा साधारणतः 250 बारला असतो आणि वाहनाची टाकी 200 बारला भरायची असते. म्हणजे साठा एकाच टाकीत असेल, तर तिचा दाब 200 च्या खाली उतरताच, आत सुमारे चार पंचमांश गॅस शिल्लक असूनही, एकही गाडी पूर्ण भरता येणार नाही. मी आदर्श वायूचा नियम धरून एक ढोबळ हिशेब केला. साठा 3000 लिटर पाणी-क्षमतेचा (म्हणजे आत तितके पाणी मावेल एवढा), गाडीची टाकी 60 लिटरची आणि ती 20 बारवर आलेली, असे मानले, तर एकसंध साठ्यातून जेमतेम 14 गाड्या पूर्ण भरतात. तोच साठा हजार-हजार लिटरच्या तीन बँकांत, म्हणजे सिलिंडरांच्या गटांत, विभागून क्रमाने वापरला, तर मधे कॉम्प्रेसर (गॅस दाबून साठा भरणारे यंत्र) न चालवताही सुमारे 35 गाड्या भरतात.

हा फरक केवळ क्रमामुळे पडतो. गाडी आधी 'लो', म्हणजे सर्वांत कमी दाबाच्या, बँकेला जोडली जाते. प्रवाह मंदावला की डिस्पेन्सर 'मीडियम'कडे आणि शेवटी 'हाय'कडे वळतो. त्यामुळे टाकीचा बराचसा भाग कमी दाबाच्या गॅसने भरून निघतो आणि मोलाचा उच्च दाब फक्त शेवटच्या टप्प्यासाठी खर्च होतो. साठा पुन्हा भरताना मात्र क्रम उलटा असतो : प्रायॉरिटी पॅनेल (कोणती बँक आधी भरायची ते ठरवणारी झडपांची यंत्रणा) कॉम्प्रेसरचा गॅस आधी 'हाय' बँकेला देते. ही मांडणी मला फार सुंदर वाटते.

आता आपला पंप. ज्या पंपापर्यंत पाइपलाइन पोहोचलेली नाही, त्याला डॉटर स्टेशन म्हणतात. तिथला गॅस मदर स्टेशनवर (पाइपलाइनने गॅस मिळणाऱ्या मोठ्या केंद्रावर) भरलेल्या कॅस्केडमधून, म्हणजे एकत्र जोडलेल्या सिलिंडरांच्या संचातून, ट्रकवरून येतो. बूस्टर (गॅसचा दाब वाढवणारे यंत्र) नसेल, तर प्रत्येक गाडीगणिक कॅस्केडचा दाब उतरत जातो आणि रांगेत उशिरा आलेल्याला 150 बारच मिळतात. त्यात कर्मचाऱ्याचा दोष नसतो. नवे कॅस्केड केव्हा लागते ते विचारून त्यानंतर लगेच जावे, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे.

उष्णतेचाही परिणाम होतो. वेगाने भरताना टाकीतील गॅस दाबला जाऊन तापतो, काटा 200 दाखवतो आणि गॅस निवल्यावर तोच काटा खाली येतो. गॅस कुठे गेलेला नसतो, आणि बिल किलोवर होत असल्याने नुकसानही होत नाही. अनेक जण भरताना गाडी हलवतात. त्याने गॅस जराही जास्त बसत नाही, उलट नोझलच्या जोडावर ताण येतो, म्हणून कृपया तसे करू नये.